डुगडुगमामाचा सांधा

माझा मामा कुणाच्याही घरी गेला की आधी खुर्ची पालथी करतो आणि मग बसतो. घरचे लोक ‘या, बसा’ म्हणेपर्यंत त्यांची खुर्ची चारी पाय वर करून पडलेली असते आणि मामा तिच्या पोटाशी वाकून सांधे चाचपत असतो. नवखा माणूस घाबरतो. त्याला वाटतं, ह्यांचं काही हरवलं की काय. ओळखीचे लोक निमूटपणे आत जाऊन चहा टाकतात. चहा उकळेपर्यंत निकाल लागलेला असतो. “मागचा डावा डुगडुगतोय. उद्या पाठवून दे.”

ह्या एका शब्दापायी अख्ख्या गल्लीनं त्याचं नाव डुगडुगमामा ठेवलं. त्याला ते माहीत आहे आणि त्याची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या आईची. ती त्याची थोरली बहीण. ती म्हणते, “लहानपणी ह्यानं आमच्या बाबांची खुर्ची तपासायला म्हणून खोलली. ती अजून जोडायची आहे.”

मामाचा धंदा खुर्च्या दुरुस्त करायचा. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद लाकडी जिना. दुकानात छताला खुर्च्या टांगलेल्या, भिंतीला पटाश्या आणि करवती, सगळ्यावर भुशाची पावडर, आणि कोपऱ्यात पायानं चालवायचं जुनं लेथ. खुर्चीचे गोल पाय, पाठीचे दांडे, सगळं मामा त्या लेथवर काततो. डाव्या पायानं फळी दाबायची, लाकूड गरगर फिरतं, आणि हातातली पटाशी त्याला आकार देते. बाकीच्यांनी केव्हाच विजेची मशीनं घेतली. मामाला ती आवडत नाहीत. “विजेचं मशीन लाकडाशी बोलत नाही, लाकडावर ओरडतं,” असं त्याचं म्हणणं. शेजारचा गादीवाला म्हणतो, “मामा, खरं सांगा, तुम्हाला पाय हलवायची खोड आहे.”

दुकानात खरी सत्ता चालते ती मात्र सरसाची. सांधा साफ करायचा, सरस लावायचा, शिकंज्यात आवळायचा आणि मग त्याच्या वाटेला जायचं नाही. गिऱ्हाइकानं “वाळलं का?” विचारलं की मामा म्हणतो, “विचारल्यानं वाळत नाही.” सरस ओला असताना कुणी खुर्चीवर टेकलं तर त्या माणसाचं काही खरं नसतं. आणि सांधा पुढे कधी कुरकुरला तर? तर तो सुटला. पुन्हा सरस, पुन्हा शिकंजा. घट्ट बसलेला सांधाही कधी त्रास देईल, ही शक्यता मामाच्या शास्त्रात नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

तर, जन्मभर दुसऱ्यांना बसतं करणाऱ्या ह्या माणसाला एके वर्षी स्वतःलाच बसता येईना. कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढं घसरला होता. गोळ्या झाल्या, शेक झाले, व्यायाम झाले आणि शेवटी मामी आणि मी त्याला मणक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाई चटपटीत होत्या. चाकं लावलेल्या स्टुलावर बसून खोलीभर सरकायच्या. मामाचं पहिलं मत वाईट झालं. “स्वतः स्टुलावर बसते,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “पाठ न टेकता. आणि म्हणे पाठीची डॉक्टर.”

बाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. “काका, हे दोन मणके एकमेकांवरून घसरतायत. ते कायमचे जोडून टाकू. स्क्रू आणि सळ्या लावू, मध्ये एक छोटा ठोकळा बसवू. पण स्क्रूचं काम फक्त धरून ठेवायचं. खरं जोडायचं काम हाडानंच करायचं.”

“शिकंजा,” मामा मला समजावून सांगू लागला.

“आता हाड जुळून यायला दोन मार्ग. एक, तुमच्या कमरेच्या कडेचं थोडं हाड काढून तिथं भरायचं...”

“नको. एका खुर्चीचा पाय काढून दुसरीला लावणारे लोक मी पाहिलेत. दोन्ही डुगडुगतात.”

बाई हसल्या. “दुसरा मार्ग म्हणजे एक प्रथिन. हाड वाढव असं शरीराला सांगणारं. ते स्पंजमध्ये भिजवून मणक्यांच्या मध्ये ठेवायचं, म्हणजे तिथं नवं हाड तयार होतं.”

“सरस!” मामाचा चेहरा उजळला.

“सरस नाही काका, नीट ऐका. सरस लावला तिथं राहतो आणि वाळला की गप्प होतो. हे प्रथिन गप्प बसत नाही. आजूबाजूलाही हाड करायला सांगत सुटतं. कधीकधी सूज येते, नस चिडते, नको त्या जागी हाड वाढतं. सगळ्यांना होत नाही, पण काहींना होतं. म्हणून पायात कळ आली, मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली, तर सरळ माझ्याकडे यायचं. थांबायचं नाही.”

मामानं गंभीरपणे मान डोलावली. मला वाटलं, सगळं पोचलं. खाली उतरताना म्हणाला, “बाई हुशार आहे हं. सरसातलं कळतं तिला.”

ऑपरेशन चांगलं झालं. मामा घरी आला तो कमरेला रुंद पट्टा लावून, आणि येईल त्याला त्या पट्ट्यावर ठोकायला लावू लागला. “ठोक. घाबरू नको, ठोक. हलतंय काही?” भेटायला आलेल्या बिचाऱ्यांनी हातातली फळं खाली ठेवून मामाला दार वाजवावं तसं वाजवलं. जुनी कळ गेली होती. रोज चालायला सांगितलं होतं, तो चालत होता. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही असं काही दिवस सांगितलं होतं, तेही पाळत होता. लेथवर कापड टाकून ठेवलं होतं, आणि खाली गेला की ते कापड उचलून, आत डोकावून, परत टाकायचा. पाळण्यातल्या पोराला बघावं तसं.

मग त्याचं फिरणं बंद झालं. आधी कमी झालं, मग बंदच. मामा घरातल्या सगळ्यात सरळ पाठीच्या, सगळ्यात जड खुर्चीत बसायला लागला. पट्टा एवढा आवळलेला की बोलताना आवाज वरच्या मजल्यावरून आल्यासारखा यायचा. मामीनं म्हणावं, “अहो, चला, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.” मामानं म्हणावं, “वाळू दे.” तिला वाटलं, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. दवाखान्यातून तपासणीला या म्हणून फोन आला तर ह्यानं परस्पर सांगितलं, “एकदम बरं आहे. उगाच बाईंचा वेळ कशाला घ्यायचा?”

त्याच सुमाराला चप्पल सापडू लागली. मामा दिवसातून एखाददा खाली दुकानात जायचा, आणि वर आला की त्याची एक चप्पल जिन्यात राहिलेली असायची. एकदा तर दुकानाबाहेर राहिली. ती गादीवाल्यानं आणून दिली. “मामी, महाराज सिंहासनावर गेले, पादुका रस्त्यात विसरले.” आम्ही हसलो. मामाही हसला, पण जरा उशिरा. आई म्हणाली, “वय झालं. स्मरणशक्तीला व्यायाम हवा.” आणि तिनं त्याला शब्दकोड्यांचा गठ्ठा आणून दिला. मामा सरळ खुर्चीत, दात आवळून, आडवे-उभे शब्द भरू लागला. दात तो कोड्यासाठी आवळतोय असं आम्हाला वाटत होतं.

खरा प्रकार मामीनं ओळखला, आणि तोही स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असताना. मी कट्ट्याशी बसलो होतो. जिन्यात मामाची पावलं वाजली. मामीनं गॅस बारीक केला.

“ऐकलंस?”

“काय?”

“लग्न झाल्यापासून ह्या जिन्यात ह्यांची पावलं ऐकतेय मी. फट-फट यायची. आता ऐक. फट... आणि मग घसट.” ती वळली. “आणि मला सांग, विसरभोळा माणूस कधीतरी उजवी चप्पल विसरेल की नाही? दर वेळी डावीच?”

मामा दारात उभा राहिला तो एका चपलेवर. आणि त्याला ते माहीत नव्हतं. हे माझ्या आत्ता लक्षात आलं. तो विसरला नव्हता. चप्पल गेल्याचं त्याच्या पायानं त्याला सांगितलंच नव्हतं.

“बसा,” मामी म्हणाली. “डाव्या पायाची बोटं वर करा.”

“कशाला?”

“करा म्हणते ना.”

“उजव्या पायाची करून दाखवू?”

“उजव्याचं कौतुक नंतर.”

मामानं डाव्या पायाकडे पाहिलं. कपाळावरची शीर वर आली, मान पुढे आली, ओठ आत गेले. सगळा मामा कामाला लागला, फक्त पाऊल तेवढं जमिनीकडे बघत राहिलं. अंगठा जरासा थरथरला आणि त्यानंही नाद सोडला.

मग मामा हळूच म्हणाला, “सांधा सुटलाय.”

“काय?”

“माझ्याच हातून. पटाशी पडली होती खाली, मी वाकलो. वाकायचं नव्हतं. मग पायात कळ यायला लागली. सुटला असणार. म्हणून पट्टा आवळून, हलायचं नाही असं धरून बसलो. म्हटलं, परत धरेल.”

“आणि डॉक्टरांना का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“काय तोंडानं सांगू? त्यांनी एवढं सुबक काम करून दिलं आणि मी ओल्या सरसावर बसलो. अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना काय म्हणतो, ऐकलंयस ना तू?”

ऐकलं होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मामीनं डोळे पुसले, आणि मग तिच्या आवाजाला एकदम धार आली. “तुम्ही माणूस आहात की फर्निचर, ते एकदा ठरवा! म्हणजे मला कळेल, तुम्हाला जेवायला वाढू की पॉलिश करू!”

त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाईंनी पाऊल वरखाली करून पाहिलं, पायावर बोट फिरवून “कळतंय?” विचारलं, आणि त्याला स्कॅनला पाठवलं. फोटो पडद्यावर आला तेव्हा मामानं खाली मान घातली होती. बोलणी खायची तयारी करून.

“हा तुमचा सांधा,” बाई म्हणाल्या. “मस्त जुळलाय. हत्ती बसवा.”

मामानं मान वर केली. “सुटला नाही?”

“अजिबात नाही.”

“पण मी वाकलो होतो.”

“वाकल्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, काका.”

मामाचा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार वेळ राहिला नाही. बाईंनी पेन उचलून पडद्यावर एका जागी टेकवलं. “आता इथं बघा. पायाकडे जाणारी नस ह्या वाटेनं बाहेर पडते. वाट मोकळी हवी. तिथं हे पांढरं दिसतंय ना? ते नवं हाड आहे. सांध्यात वाढायचं ते वाढलंच, आणि बाहेर येऊन नसेच्या वाटेतही वाढलं.”

मामा पुढे झुकला. धंदेवाईक नजरेनं त्यानं त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सरसाचा ओघळ.”

“ओघळ म्हणा हवं तर. पण हा फडक्यानं पुसता येत नाही. आणि तुम्ही पट्टा आवळून बसलात, त्यानं नस मोकळी झाली नाही, फक्त पाठीचे स्नायू ढिले पडले. मी म्हटलं होतं ना, पायात कळ आली की यायचं?”

मामा छताकडे बघू लागला. तिथं खुर्च्या टांगलेल्या नव्हत्या, तरी बराच वेळ बघत राहिला.

“आधी आला असता तर नस एवढी चिमटली नसती. माझंही चुकलंच,” बाई म्हणाल्या. “फोनवर तुम्ही बरं आहे म्हणालात आणि मी ते खरं धरलं. आता ते हाड कोरून काढू. ते प्रथिन पुन्हा नाही वापरायचं. जोडायचं काम झालंय.”

“पाय येईल परत?” हे मामीनं विचारलं.

“वचन देत नाही. नस फार सावकाश सुधारते. बऱ्याच जणांचा पाय येतो, काहींचा थोडाच येतो. पण हे तसंच ठेवलं तर आहे तेही जाईल.”

मामानं घसा खाकरला. “आणि लेथ?”

“काय?”

“त्यांचं पायानं चालवायचं मशीन,” मामी म्हणाली. “ते पुन्हा चालवता येईल का, असं विचारतायत. माझ्याबद्दल अजून काही विचारलेलं नाही.”

“आधी पाऊल,” बाई म्हणाल्या, “मग मामी, मग मशीन.”

निघता निघता मामा दारात थांबला. “एवढंच म्हणतो डॉक्टर, कोरताना चांगल्या सांध्याला धक्का...”

“काका, मी तुमच्या दुकानात येऊन पटाशी कशी धरायची ते सांगते का?”

“नाही.”

“मग?”

मामा खूश झाला. धंद्यातलं माणूस असंच बोलतं, असं त्याचं मत पडलं.

दुसरं ऑपरेशनही पार पडलं. कळ पुष्कळ कमी झाली. पाऊल मात्र तसंच लुळं राहिलं. त्याला वर धरून ठेवायला एक प्लास्टिकची पट्टी मिळाली, आणि व्यायाम घ्यायला एक बारीकशी मुलगी घरी येऊ लागली. तिनं आल्या आल्या मामाला सरळ खुर्चीतून उठवलं आणि कमरेचा पट्टा काढून घेतला. “आता हा लागत नाही. तुम्ही चालायचं.” मामीनं तो पट्टा लगोलग खाली नेऊन ठेवला, मामाच्या हाती लागू नये म्हणून. तो सध्या एका वाकड्या पाठीच्या आरामखुर्चीला आवळलेला आहे. तिला साधा शिकंजा बसत नव्हता.

मामा चालायचा. अंगठ्याकडे बघत “उठ, उठ” म्हणायचा. अंगठा ऐकायचा नाही. असे बरेच दिवस गेले. एका रविवारी तो आमच्या घरी आला, आईनं ‘बस’ म्हटलं, आणि मामा बसला. खुर्ची न उलटवता. न हलवता. तसाच, सरळ, कुणीही बसावं तसा. आई चहाचं आधण ठेवायला आत गेली ती लवकर बाहेरच येईना. मी आत डोकावलो तर पदर डोळ्यांना लावून उभी. “अरे, ती खुर्ची खरंच डुगडुगते,” ती म्हणाली. “आणि त्यानं एक शब्द नाही काढला.”

तीच खुर्ची दुरुस्तीला म्हणून मी पुढच्या आठवड्यात मामाकडे नेली. दुरुस्तीपेक्षा त्याला छेडायला म्हणा. मामा दुकानात उभा होता, लेथवरचं कापड न उचलता. मी खुर्ची खाली ठेवली. तो तिच्याकडे बघून म्हणाला, “ठेव तिथं. वर जाऊ, चहा घेऊ.” व्यायामाच्या मुलीनं जिना चढताना ती प्लास्टिकची पट्टी काढून बघायला सांगितलं होतं, म्हणून तो नुसत्या चपलांवर पुढे आणि मी मागे.

फट. घसट. फट. घसट. वर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मामी कान देऊन उभी असणार.

जिना संपत आला आणि डावी चप्पल सुटली. मी वाकून उचलणार, तेवढ्यात मामा थांबला. पाऊल पायरीवर टेकून, अगदी स्तब्ध. त्यानं अनवाणी तळवा लाकडावर थोडा घासला. मग पाऊल उचलून त्याची वरची बाजू दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासून पाहिली.

“चप्पल गेली,” तो म्हणाला.

“हो, उचलतो मी...”

“हात लावू नको!” सरस ओला असताना ओरडतो तसा ओरडला. “अगं ए, ऐकलंस का? माझी चप्पल पडली!”

“पडली तर पडली,” वरून मामीचा आवाज. “रोजच पडते.”

“पण मला कळली!”

मला वाटलं, ती धावत खाली येते. आली नाही. जरा वेळानं तिचा आवाज आला, किंचित ओला, पण कडक.

“कळली ना? मग घाला.”

मामा कठडा धरून एक पायरी खाली उतरला. चप्पल पायरीवर तिरकी पडली होती. त्यानं पाऊल तिच्यासमोर धरलं आणि अंगठ्याला म्हणाला, “उठ.” अंगठा उठला असं म्हणता येणार नाही. झोपेतल्या माणसाला हाक मारल्यावर तो नुसता कूस बदलतो, तेवढं काहीतरी त्यानं केलं. पण तेवढ्यात चप्पल थोडी आत सरकली. पुन्हा निसटली. मामानं शिवी दिली, चपलेला की अंगठ्याला ते कळलं नाही, आणि पुन्हा पाऊल पुढे केलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. घाई करण्यात अर्थ नव्हता. विचारल्यानं वाळत नाही.

शेवटी अंगठा चपलेच्या पट्ट्याच्या आत गेला. मामानं पाऊल दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. लेथची फळी दाबावी तसं. मग मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

“ती तुझ्या आईची खुर्ची,” तो म्हणाला. “मागचा डावा ना?”

“तुला कसं कळलं? तू तर उलटवलीसुद्धा नाहीस.”

“रविवारी बसलो होतो की मी तिच्यावर,” मामा म्हणाला आणि वर चढू लागला. “अख्खा वेळ डुगडुगत होती. पाय नवा कातावा लागेल.”